वेशीवरचं मुंडकं

कोहिमाच्या स्टँडवर दहा माणसं भरल्याशिवाय सुमो हलत नाही. माझ्या मागच्या सीटवर आमच्याच गावचे दोन म्हातारे होते : ल्होउली, आणि वेशीचा नवा दरवाजा कोरणारा सोविसे.

“सोविसे, दरवाजावर काय कोरलंयस?”

“भाला घेतलेला वीर.”

“आणि त्याच्या पायाशी?”

“शत्रूचं कापलेलं मुंडकं. वाडवडिलांपासून असंच कोरतात.”

“त्या मुंडक्याला माझं नाक आहे!”

“नाक काय, सगळ्यांनाच असतं.”

“कानही माझेच! नात विचारते, आजोबा, तुम्हाला कुणी मारलं?”

“मग काय करू? महिनाभर समोर बसून माझा चहा ढोसत होतास. पटाशी आपोआप तुझ्याच तोंडाकडे वळली.”

“ते काही नाही. आजच्या आज तासून टाक.”

“टाकतो की. खालच्या आळीतला झाकिए मागेच लागलाय, माझं तोंड कोर म्हणून.”

“तो झाकिए? स्वतःचं मुंडकं मागतोय?”

“म्हणतो, आपले पूर्वज लुंग्यासुंग्याच्या मुंडक्याला हात लावत नव्हते. वेशीवर चढायचं तर माणूस तसाच तालेवार लागतो.”

“असं म्हणाला?”

“शिवाय दरवाजा फणसाच्या लाकडाचा. शंभर वर्षं तरी हलत नाही.”

दहावा माणूस चढला, गाडी सुरू झाली.

“सोविसे.”

“काय?”

“झाकिएला सांग, जागा भरली. आणि माझे कान तेवढे जरा लहान कर.”