भिंतीवरचं निळं दार

"स्पर्धेच्या तयारीसाठी शहरातील एकाही घराला धक्का लागलेला नाही." हे मी म्हणत नाही, मंडळी. हे एका महानगराचं अधिकृत निवेदन आहे. ऐका, आजच्या कीर्तनात याच वाक्याची पूजा बांधू. एकेक शब्द सोवळ्याने उचलून पाहू.

घराला धक्का लागला नाही – मान्य. घरापुढच्या वाटेला? तिचा उल्लेख नाही. उन्हाला, वाऱ्याला, पाण्याच्या नळाला? ती काही घरं नव्हेत! म्हणजे निवेदन अक्षर न् अक्षर खरं. तर आजचा प्रश्न असा – एकही शब्द खोटा न बोलता माणसाला चिणता येतं का? पेटीवाले मान हलवताहेत. अनुभवी दिसतात.

शहराचं नाव विचारू नका. जगभरचे खेळाडू तिथे यायचे होते, एवढं पुरे. विमानतळाकडून क्रीडानगरीला जाणाऱ्या रस्त्यालगत पाथरवटांची वस्ती होती. शहरातल्या जुन्या इमारतींच्या पायऱ्या याच वस्तीने घडवलेल्या. सुशोभीकरणाचे प्रमुख होते वास्तुविशारद श्रीनिवास टिपणीस – सुसंस्कृत, मितभाषी, खोटं बोलण्याचा मनस्वी तिटकारा असलेला गृहस्थ. त्यांनी वस्तीपुढे विटांची उंच भिंत घातली. भिंतीवर गाव रंगवून घेतलं – तुळशीवृंदावन, गाय, हसरी म्हातारी, आणि मधोमध कडीकोयंड्यासकट निळं दार. मागे खरी वस्ती, पुढे चित्रातली. चित्रातल्या वस्तीला नळसुद्धा होता.

आंतरराष्ट्रीय समितीच्या अध्यक्षबाई पाहणीला आल्या. बसमध्ये शेजारी टिपणीस. बाईंनी मान डोलावली की शहर उत्तीर्ण, आणि टिपणीसांचं नाव जगभर. नेमकी त्याच वेळी समोरून नवरदेवाची मिरवणूक आली. वस्तीतल्या हणमंताच्या लेकीचं, सुगंधाचं लग्न होतं, वऱ्हाड परगावचं. हणमंताने निरोप धाडला होता – मागच्या नाल्याने या. पण नवरदेवाचा मामा जुन्या वळणाचा. "नवरा नाल्यातनं येतो व्हय? त्ये काय, दार हाय की समोर."

मामाने दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग बोटाने खरवडून पाहिलं. "आरं, ही तर इटंवर रंग हाय."

पलीकडून हणमंताचा आवाज आला, "मामा, मुहूर्त चाललाय. नाल्याकडनं या."

"हणमंतराव, शिवंवर पाय धुतल्याबिगर नवरा आत घेतलाय कुणी? तुमची शीव आता ही भिंत. धुवा पाय."

मग भिंतीपलीकडून –

"तांब्या हातात हाय, मामा. पाय कुठं हायत?"

बस थांबलेली. बाईंनी कुतूहलाने विचारलं, "बंद दारापुढे थांबायचं, हा तुमच्याकडचा विधी आहे का?"

टिपणीस म्हणाले, "आमच्याकडे तसा प्रघात आहे." पाहा, मंडळी – पुन्हा खरंच बोलले!

ते खाली उतरले. मामाने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "सायेब, तुमचं दार हाय न्हवं? उघडा."

"ते दार नाही. चित्र आहे."

"मग चित्राला धक्का लावत न्हाई. चौकटीच्या आतलं तेवढं काढतो."

आता ऐका. इतरांचा नवरदेव हाती कट्यार धरतो. या पाथरवटांचा नवरदेव छिन्नी-हातोडा घेऊन बोहल्यावर चढतो. मामाने तोच हातोडा मागून घेतला. पोलीस दोन पावलांवर होते. टिपणीसांनी नुसता हात वर करायचा होता. का केला नाही? ही भिंत त्यांनी कागदावर आखली, रंगवून घेतली, तिची छायाचित्रं परदेशी धाडली. तिच्यामागे काय आहे, ते मात्र कधी पाहिलं नव्हतं. हात उचलायचा, तर नजर त्या विटेवरून हलवावी लागली असती. ती हलेना.

वीट निखळली. आतूनही घाव ऐकू येऊ लागले. भगदाड वाढलं, आणि टिपणीसांना दिसली स्वच्छ सारवलेली गल्ली. दारादारातून निघालेली रांगोळी थेट भिंतीच्या पायाशी येऊन अडलेली. हणमंताने वाकून त्या फटीत जावयाचे पाय धुतले. नवरदेव आत गेला. मागोमाग, डोकं वाकवून, समितीच्या बाईही.

लग्न लागलं. स्पर्धा झाल्या. भगदाड दुसऱ्याच दिवशी बुजवलं, दार पुन्हा रंगवलं. घराला धक्का? छे. निवेदन आजही खरं आहे.

तुम्ही मामाला हसलात, मंडळी. आता मी विचारतो. इथे येताना तुम्ही एका रंगीत भिंतीजवळून आलात. तिच्यावर हत्ती होते की मोर? मोर – बरोबर आठवलं. आणि तिच्यामागे कोण राहतं? माना का खाली गेल्या? तुम्हीसुद्धा खोटं काहीच बोलला नाहीत.

त्या दिवशी भगदाडात उभं राहून बाईंनी टिपणीसांना एवढंच विचारलं होतं – "इथे माणसं राहतात, तर खरं दार का ठेवलं नाही?" टिपणीसांचं उत्तर पदरचा एक शब्द न घालता सांगतो, आणि चिपळ्या खाली ठेवतो.

"खरं दार ठेवलं असतं, तर कधीतरी मला ते उघडावं लागलं असतं."