झोपाळ्यापर्यंत अकरा पावलं

(सांगली, १९४४. दुपार. रिकाम्या नाटकगृहाच्या रंगमंचावर पंधरा वर्षं नायिकेचं काम करणारा नाथाजी आणि त्याच कामासाठी कंपनीत नवी आलेली, सतरा वर्षांची दिलशाद.)

दिलशाद : अकरा. तिन्ही प्रयोगांत अकराच.

नाथाजी : काय अकरा?

दिलशाद : तुमची पावलं. विंगेतनं झोपाळ्यापर्यंत. मी सहात पोचते.

नाथाजी : म्हणून तर काल भाऊसो मालक म्हणाले, पोरगी बाई असून बाई दिसत न्हाई.

दिलशाद : सगळ्यांसमोर म्हणाले. तबलजी तोंड फिरवून हसला. पण मास्तर, खऱ्या बाया कुठं अशा चालतात? आमची अम्मी भरली घागर घेऊन तुमच्या पुढं जाईल.

नाथाजी : तुझ्या अम्मीला शेवटच्या रांगेतला माणूस बघत नसतो. त्याला तोंड दिसत न्हाई, चाल दिसते. टाच टेकवू नको. चवड्यावर चाल.

दिलशाद : असं?

नाथाजी : बदक.

दिलशाद : आता?

नाथाजी : आजारी बदक. मान ताठ धर.

दिलशाद : संध्याकाळी मालक परत बघणार. आज न्हाई जमलं तर मला घरी धाडतील. थांबा, एक सांगा. तुमी ही चाल कुणाची उचलली?

नाथाजी : तुला काय करायचंय?

दिलशाद : कुणाची तरी असंल की. आपोआप कोण असं चालतंय?

नाथाजी : साळूबाईची. आष्ट्याला आमच्या शेजारी होती. नवरा पलटणीत. पोस्टमन गल्लीत आला की दारापर्यंत यायची. जीव पळायचा, पण पुढच्या सोप्यात सासरा बसलेला. मग ती अशी यायची.

दिलशाद : म्हणजे हळू चालायचं न्हाई. पळायचं, पण पाय पळू द्यायचे न्हाईत.

नाथाजी : जा विंगेत. तिथनं ये.

दिलशाद : बघा. येते मी.

नाथाजी : हां.

दिलशाद : जमलं?

नाथाजी : किती झाली?

दिलशाद : मोजायचं राहिलं.

नाथाजी : मग जमलं.

दिलशाद : पण माझी टाच टेकली. तुमी तर चवड्यावर म्हणालता.

नाथाजी : साळूबाई टाच टेकूनच चालायची.

दिलशाद : मग मघाशी...

नाथाजी : मघाशी खोटं सांगितलं. तू पडलीस तर काम माझ्याकडंच राहणार होतं. सकाळी दाढी करताना ठरवूनच आलो.

दिलशाद : मग खरं का सांगितलंत?

नाथाजी : पंधरा वर्षांत लई जणांनी वाहवा केली. चाल कुणाची, हे कुणी विचारलं न्हवतं.

दिलशाद : आता तुमी काय करणार?

नाथाजी : मालक म्हणतात, सेनापती करा. मिशी राखायला घेतलीय. खाजती.

दिलशाद : सेनापती कसा चालतो?

नाथाजी : त्यात काय? बाप्या चालतो तसा.

दिलशाद : दाखवा की. त्या महालाच्या दारातनं या.

नाथाजी : हे बघ. छाती पुढं, नजर समोर. झालं?

दिलशाद : उंबऱ्यावर तुमी निऱ्या उचलल्या.

नाथाजी : येडी का काय, विजार हाय माझ्या अंगात.

दिलशाद : व्हय. तरी उचलल्या. मागं जा, मास्तर. परत या. मी बघते.