कुणी चौकशी केली का?

—नाही साहेब, पैसे कापलेले नाहीत, अडकवलेत. फरक आहे. तुमचेच आहेत, फक्त हात लावता येत नाही—आणि इथं काउंटरवर येऊन आवाज चढवलात म्हणून ते सुटणार नाहीत, बँक काही माझ्या मामाची नाही. हॉटेलात पाहुणा आला की आम्ही कार्डावर रक्कम रोखतो, बँक मंजुरी देते. त्या मंजुरीला मुदत असते. पाहुणा राहिलाच, तर मुदत वाढवायची—ते कुणाला कळतही नाही. नवी मंजुरी घेतली, तर मात्र कार्डवाल्याला मेसेज जातो. हो, तोच, आज सकाळी आला तो. खोली घेतली तेव्हाही आला असेल की. जाहिरात समजून पुसलात? असो.

चोरी कसली? तुमच्याच खात्यावरचं, तुम्हीच दिलेलं जोडकार्ड आहे, औषधांसाठी म्हणून—मला कसं ठाऊक? त्याच म्हणाल्या. त्या कोण म्हणजे—हे बघा, खोलीत कोण आहे ते सांगायची आम्हाला मनाई आहे, आणि त्यांनी तर बजावलंय, माझ्या मुलाला अजिबात—

गेलं तोंडातून. जाऊ दे आता.

आई बहिणीकडे आहे म्हणता? बहिणीला फोन केलात? एकदा तरी? मग तिलाही वाटत असेल, आई तुमच्याकडेच आहे. आणि आई इथं, बॅगही न उघडता, चहा-बिस्किटावर. निघताना ‘पोचलीस की कळव’ एवढंही कुणी म्हणालं नाही, असं सांगत होत्या.

नको, कार्ड बंद करू नका. हात जोडते. आत्ता बंद केलंत तर दुपारी मला खोली रिकामी करून घ्यावी लागेल, आणि मग त्या जातील कुठं? मला भीती वाटते हो.

चूक? लिहा की तक्रारीत. मुदत वाढवायची होती, नवी मंजुरी घेतली गेली. दोन्ही बटणं शेजारी-शेजारी, बोट चुकून—नाही. चुकून नाही. या काउंटरवर माझे केस पांढरे झाले, माझं बोट चुकत नाही. तुमचा फोन वाजवायला दुसरा मार्गच नव्हता. नोकरी गेली तर गेली. कळवू नका म्हणतात आणि रोज सकाळी पर्स छातीशी धरून खाली येतात, एकच विचारतात—माझी कुणी चौकशी केली का? रोज ‘नाही’ म्हणायचं म्हणजे जीव तुटतो, साहेब.

लिफ्ट आली. फोन खिशात ठेवा. कार्डाचा शब्दही काढू नका—

या, आजी. हो. आज केलीय.