जिभेला लावलेला शिंपला

“दगड धुवायचं ॲसिड रांगत्या लेकराच्या घरात नको,” असं नवऱ्यानं बजावलं, तेव्हा प्रियदर्शनीनं ते हसण्यावारी नेलं होतं. दगड झालेले जुने शिंपले जमवून स्वच्छ करायचा तिला नाद. आज हिंगोलीच्या दवाखान्यात शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं तिच्या कानावर पडलं.

“जीभ काढा बरं. अजून सोलवटलेलीच हाय.”

“आपल्या जगननं कच्छातून आणलेला दगडी शिंपला. त्याच्या रेघा बघायला नको?”

“म्हणून ॲसिडातून काढून चाटायचा?”

“ओला केल्याबिगर रेघ उठत न्हाई, जगनची माय.”

“घरातलं पाणी आटलं होतं काय?”

“सवय हाय. चुकलं.”

“नातू तुमचं बघून दुसरा शिंपला तोंडाकडं नेऊन राहिला होता. तुमी बोंबललात म्हणून त्यानं टाकला.”

“मंग भाजली ते बराबरच झालं. लेकरू वाचलं.”

प्रियदर्शनीनं लगेच घरी सासूला फोन लावला.

“आई, खिडकीतली ॲसिडची वाटी...”

“तू गेलीस तवाच माळ्यावर ठेवली. लेकरू मांडीवर हाय माझ्या. काहून रडून राहिलीस?”

“काही नाही, आई. तुम्ही आहात म्हणून.”

तुमच्या ओळखीत कुणी घरी असे दगड धूत असेल, तर आज जरा त्याच्याकडे डोकावून या. घरात रांगतं लेकरू असेल, तर आत्ताच जा.