लीलाच्या नाचाला मी झोपलो नव्हतो

झोपलो नव्हतो हो मी! आता तुम्हीसुद्धा तेच विचारायला लागलात म्हणजे झालं... तुम्ही गडहिंग्लजचे पावणं, एस.टी.ची वाट बघत बसलेले, तुमची माझी ओळख पाच मिनिटांची, आणि तुम्हीही म्हणता, 'नातीच्या नाचाला झोपलेले अप्पा ते तुम्हीच काय?' म्हणजे ही बातमी उचगाव ओलांडून पार पुढं गेली म्हणायची! बसा, बसा, तुमची गाडी लागायला अजून वेळ आहे. मी तसा कमी बोलणारा माणूस. आमची सून म्हणते, अप्पांचं एक वाक्य पुरं होईपर्यंत भात शिजतो. पण ही एक गोष्ट पोटात राहत नाही, आणि गावात कुणापुढं बोलता येत नाही... का येत नाही ते कळेल तुम्हाला. तुम्ही गाडीत बसून जाणार, तुमच्याबरोबर गोष्टही जाईल. तर तुम्हाला सांगतो, झोपलो नव्हतो!

माझी सारी नोकरी दाराबाहेर गेली. संस्थानच्या कचेरीत शिपाई होतो. आत साहेब, मध्ये दार, बाहेर स्टूल आणि स्टुलावर मी. तीस वर्षं! आत काय चाललंय ते मला कधी कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची आपली पायरी नव्हे. पण जीव मोठा चौकस हो माझा! मग काय करायचं? कान लावायचा. जिन्यात पाऊल वाजलं की मी ओळखायचो, हे मामलेदार, हा गावचा पाटील, हा अर्ज घेऊन तिसऱ्यांदा आलेला गरीब. पावलावरून माणूस कळतो, खोटं नाही सांगत. मग संस्थान विलीन झालं, साहेब गेले, मी पेन्शनीत निघालो. म्हटलं, सुटलो, आता दारं संपली. कसली संपतात!

आमची लीला, माझ्या मुलाची मुलगी, अकरा वर्षांची. शाळेतून येताना तिनं एक पाटी वाचली. मलाही नेऊन दाखवली. मी आपलं एकेक अक्षर लावत वाचलं, 'येथे मुलींना शास्त्रोक्त नृत्य शिकविले जाईल.' झालं! पोरगी हट्टाला पेटली. जेवेना. माझा मुलगा नृसिंह कोर्टात कारकून, तो घरातसुद्धा कोर्टातल्यासारखं बोलतो. तो विचारात पडला. आणि तो विचारातून बाहेर पडायच्या आत समोरची तानाबाई आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. 'आज किलास, उद्या इस्टुडिओ, आन् परवा फडावर! मग बसा पोरीला नवरा हुडकत!'

नृसिंह म्हणाला, 'अप्पा, तुम्ही रोज तिच्याबरोबर जायचं. तिथं बसायचं, डोळ्यांनी बघायचं. ऐकीव पुरावा मला चालत नाही. दिवाळीनंतर त्यांचा जलसा असतो, तो मी स्वतः बघून निकाल देईन. तोवर तुमच्या साक्षीवर. एक दिवस काही वावगं दिसलं की क्लास बंद.'

तर तानाबाई काय म्हणते? 'ह्या म्हाताऱ्याला लावताय पहाऱ्याला? कीर्तनाला घोरतंय, आन् तमाशा म्हटलं की डोळं फाडून बघतंय!'

आता हे खरं आहे, लपवत नाही. बुवांनी कीर्तन सुरू केलं की माझी मान खाली जाते. आणि ज्वानीत जोतिबाच्या यात्रेला तमाशापुढं बसलो तर पापणी लवायची नाही. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण म्हणून काय नातीच्या नाचाला झोपेन मी? झोपलो नव्हतो!

पहिल्या दिवशी गेलो. जागा कुठली, तर गुळाच्या अडत्याची जुनी वखार. धुऊन पुसून घेतलेली, पण भिंतींनी वर्षानुवर्षं गूळ प्यालेला, त्या काय सोडतात? वास घमघमतोय. नृत्याचे मास्तर यज्ञेश्वर, काटकुळा माणूस, जाड चष्मा, मद्रासकडं राहून शिकून आलेला. मी चप्पल काढून आत पाऊल टाकणार, तोच मास्तर आडवे. 'पालकांनी बाहेर बसावं.' म्हटलं, का हो? तर म्हणाले, 'आई बघते म्हणून पोरगी लाजते, बाप बघतो म्हणून चुकते, आणि आजोबा बघतो म्हणून नाच सोडून हसत बसते. नियम म्हणजे नियम.' आणि दार बंद! आतून कडी! तुम्हाला सांगतो, ती कडी वाजली तेव्हा मला वाटलं, साहेब परत आले...

बसलो पायरीवर. वखारीचे मुंगळे पायावर, मी पायरीवर. संध्याकाळी घरी आलो तर नृसिंह ओटीवर वाटच बघत होता. 'पाहिलंत?' त्याच्या मागं लीला उभी. परकराचा काठ दोन्ही हातांनी पिळतेय आणि माझ्या तोंडाकडं बघतेय. आता दार बंद होतं म्हणून सांगितलं, तर हा म्हणणार, नाचाचा क्लास आणि दाराला कडी? संपलं! मी आपला म्हणालो, 'पाहिलं की.' बास. एवढंच बोललो. पण खोटं एकदा बोललं की ते गुळासारखं, हाताला लागलं ते लागलंच. रोज संध्याकाळी नवी साक्ष!

मग साक्ष द्यायला माहिती नको? तबलजी गैबी म्हणून होते. तो नाच मृदंगावरचा, पण कोल्हापुरात तसला मृदंग वाजवणारा मास्तरांना मिळेना, म्हणून गैबीभाई तबल्यावर भागवायचे. मध्ये चहाला बाहेर यायचे. मी विचारायचो, 'गैबीभाई, आत काय चाललंय?'

'आप्पा, ह्यो मद्रासकडचा नाच हाय. गुडघं बाहीर मोडायचं, अर्धं बसायचं, आन् तसंच बसून नाचायचं. सहा म्हैनं निसतं पाय आपटायचं.'

'आणि उभं राहून?'

'ते लखनौकडं. ते सरळ उभं ऱ्हात्यात आन् भवऱ्यागत गरागरा फिरत्यात.'

'मग मास्तर दोन्ही शिकवतात?'

'आवं, ह्या पोरींस्नी एकच येऊ द्या की! परवा एकीची आई म्हणाली, सिनेमातला नाच शिकवा. मास्तर दोन दिस जेवलं न्हाईत.'

संध्याकाळी नृसिंहानं विचारलं, 'प्रकार कोणता?' मी म्हटलं, 'बसून.' 'बसून? नाच?' 'अर्धं बसून.' 'म्हणजे उरलेलं अर्धं?' आता ते मी कुठं पाहिलंय! म्हटलं, 'उरलेलं सहा महिन्यांनी.' सून आत पदराआड हसत होती, मला ऐकू येत होतं.

एकदा काय झालं, आत अगदी चिडीचूप. पाय नाही, तबला नाही, काही नाही. माझा जीव टांगणीला. पाय आपटताहेत तोवर काळजी नाही, पण गप्प बसून काय शिकवतात हो नाचात? दार बंद! लीला बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणाली, 'अप्पा, आज डोळे. उजवीकडं, डावीकडं, वर, खाली, नुसते डोळे फिरवायचे.' आता हे घरी सांगू? पोरगी डोळे फिरवायला शिकते म्हणून? तानाबाई उंबऱ्यावर बसलेलीच! मी सांगितलं, 'आज व्यायाम झाला.' डोळ्यांचा झाला, एवढं फक्त गाळलं.

आणि आणखी एक. रोज सुरुवातीला थोडं गप्प, आणि मग जमिनीवर हात टेकल्याचा आवाज. हे काय? लीला म्हणाली, 'अप्पा, आता जमिनीला पायांनी मारायचं ना, म्हणून आधी तिची माफी मागायची.' मला हे फार आवडलं हो. तीस वर्षं मी कचेरीची ती फरशी झिजवली, माफी मागायची कधी सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आत हात टेकला की मीही बाहेर पायरीला हात लावायला लागलो. मुंगळ्यांना काय वाटलं असेल ते असो.

हळूहळू कान सरावला. आत आठ मुली. पहिल्यांदा नुसता धबधबा, भाताच्या गिरणीसारखा. मग एकेक पाऊल वेगळं व्हायला लागलं. एक जड, एक घाईचं, एक नेहमी मागून येणारं. आणि आमच्या लीलाचं? ती उजवा पाय सपाट टाकते, थप्. डावा टाकताना आधी टाच टेकते, मग पंजा. टप्-थप्. दुडुदुडु चालायला लागली तेव्हापासून तसंच, माझं बोट धरून रंकाळ्यावर चालायची तेव्हा मी ऐकलंय ते. श्रावणात वखारीच्या फरशीला गुळाचा ओशट घाम सुटला, आठही पायांच्या जोड्या चिकटायला लागल्या, तरी मला तिचं पाऊल चुकलं नाही. थप्, टप्-थप्. दाराबाहेर बसून मी तिचा सगळा नाच पाठ केला. कुठं वेग वाढतो, कुठं थांबायचं, कुठं वळायचं... वळताना घुंगरं जरा घसरून वाजतात, त्यावरून कळतं. फक्त एक राहिलं. तो दिसतो कसा?

आला बाबा जलसा! रविवारी दुपारी चार वाजता, थेटरात. पुढून दुसऱ्या ओळीत मी, नृसिंह, सून, आणि तानाबाई. हो, तिला कोण सोडणार? पडदा वर गेला. तुम्हाला सांगतो, माझी छाती तबल्यासारखी वाजत होती. वर्षभर ज्या दाराकडं बघितलं, ते आज उघडलं!

आणि समोर बघतो तर आठ मुली. आठही पांढऱ्याफेक चेहऱ्यांच्या, आठही काजळ कानापर्यंत नेलेल्या, एकच लुगडं, एकच वेणी, एकच अबोलीचा गजरा. यातली आमची कोण हो? ही? ही तर उंच. ती? तिचं नाक बसकं. सगळ्या भराभरा जागा बदलतात, एक धरावी तर दुसरीच निघते. सून म्हणते, 'ती बघा लीला!' कुठं? 'ती हो, डावीकडची!' तोवर डावीकडची उजवीकडं! वर्षभर थांबलो, दार उघडलं, आणि माझी नात मला सापडेना. डोळ्यात पाणी आलं, मग तर आठाच्या सोळा दिसायला लागल्या.

मग काय करणार? मिटले डोळे. म्हटलं, गप ऐक.

आणि एका क्षणात सापडली! थप्, टप्-थप्. पार मागं, कोपऱ्यात. मग तिथून पुढं आली, वळली, घुंगरं घसरली, थांबली... मला सगळं दिसलं हो! डोळे उघडे ठेवून दिसलं नाही ते सगळं दिसलं. मान खाली घालून, कान पुढं करून, एक पाऊल सुटू दिलं नाही. गालावरून पाणी चाललंय, पुसायचंही सुचलं नाही. आणि तेवढ्यात बरगडीत कोपर! तानाबाई! सगळ्या थेटराला ऐकू जाईल अशी, 'आवं अप्पा! नात नाचतीया आन् तुमी झोपलायसा व्हय!' पुढची ओळ मागं वळली. मागची ओळ हसली. झालं. तिथून ही बातमी निघाली ती तुमच्यापर्यंत.

खरी गंमत पुढंच. परत येताना तानाबाईनं वाटेतच तोंड सोडलं. 'डोळं बघितलासा काय पोरीचं? उजवीकडं काय, डावीकडं काय! घरंदाज पोरींची ही रीत न्हाय.' नृसिंहाचा चेहरा उतरलेला. लीला पुढं चाललेली, घुंगरं ओंजळीत घट्ट धरून, ती वाजू नयेत म्हणून. सगळं ऐकत होती. नृसिंह बिंदू चौकात थांबला आणि मला म्हणाला, 'अप्पा, तुम्ही वर्षभर डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही सांगा. कसा आहे हा नाच?'

काय सांगू? आधीच मी हळू बोलणारा. मी आपलं 'त्याचं असं आहे...' म्हणेपर्यंत सूनच बोलली, 'ते काय सांगणार? ते तर झोपले होते!'

नृसिंहानं एकदा माझ्याकडं, एकदा तानाबाईकडं बघितलं. मग एकेक बोट मोजत त्यानं विचारायला सुरुवात केली, कोर्टात वकील विचारतात तशी. 'तानाबाई, अप्पा तमाशात कधी झोपले?'

'छ्या! पापनी लवत न्हाय.'

'आणि झोपतात कुठं?'

'कीर्तनात.'

'आज झोपले?'

'म्या सोता कोपरानं उठवलं की!'

'मग हा नाच तमाशाच्या जातीचा की कीर्तनाच्या?'

अडकली तानाबाई! 'कीर्तनाच्याच जातीचा म्हणायचा की...' असं म्हणाली आणि पदर सावरून पुढं चालायला लागली. निकाल झाला! क्लास चालू! आता तुम्ही मला सांगा, त्या जागी मी म्हणू, की बाबा रे, झोपलो नव्हतो? मग डोळे का मिटले? दिसेना म्हणून. वर्षभर पाहिलं होतं ना? नाही, दार बंद होतं! गेलं की सगळं मुसळ केरात! गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतं.

पण लीला... घरी आल्यावर ओटीच्या कोपऱ्यात जाऊन बसली, रंगसुद्धा धुतला नाही. 'अप्पा, तुम्हीसुद्धा झोपलात?' एवढंच म्हणाली. काळजाचं पाणी झालं हो माझ्या. जवळ बसलो, कानात म्हटलं, 'गैबीभाईंनी शेवटाला लय वाढवली, तिथं तुझा डावा पाय एकदा उशिरा पडला. दोन पावलांत सावरलास. खरं का खोटं?'

ती बघतच राहिली. 'ते मास्तरांनासुद्धा कळलं नाही!'

'मला कळलं.'

मग हसली. काजळाचा ओघळ आला खाली, तरी हसत होती. म्हणाली, 'कुणाला सांगू नका.' म्हटलं, 'तूही सांगू नको.'

तर अशी गोष्ट. संपली असती इथंच... पण बातमी यज्ञेश्वर मास्तरांपर्यंतही गेली की! सोमवारी पायरीवर बसायला गेलो, तर मास्तर दारात उभे. हसून म्हणाले, 'या अप्पा, आत या. बाहेर मुंगळे चावतात. बाकीच्यांना नियम, तुम्हाला नाही. तुम्ही काय, झोपणार. पोरी लाजायचा प्रश्नच नाही!'

दार उघडलं हो! तीस वर्षांची नोकरी आणि वर एक वर्ष, पहिल्यांदा कुणी मला आत या म्हणालं. आता रोज आत बसतो, भिंतीला टेकून, खास माझ्यासाठी पोतं घालून ठेवलेलं असतं... आणि तास संपेपर्यंत डोळे गच्च मिटून घेतो. करतो काय? एक जरी डोळा उघडा दिसला तरी परत बाहेर!

ती बघा, तुमची गाडी लागली. तिकडं कुणी विचारलं तर सांगा, व्हय, झोपला होता म्हातारा. अलीकडं तर थोडं घोरायलासुद्धा लागतंय.