हनीफभाईंनी निवडलेलं आयपीस

भाभी, नाझनीन, बाजारपेठेतले हनीफभाईंचे शेजारी दुकानदार, आमच्या गच्चीवरचे मित्र, आणि ओवे गावाहून आलेली मंडळी. तुम्ही सगळे आलात. खुर्च्या कमी पडल्यात, मागे बरेच जण उभे आहेत. लवकर आटपेन असं मी ठरवून आले होते, पण जमेल असं वाटत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. रोज पाच-सहा तास बोलायची सवय आहे मला. आणि आज इथे हात कुठे ठेवायचे तेच कळत नाहीये. मंगळवारपासून असंच चाललंय. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशासाठी उठले ते आठवत नाही. मंगळवारी दुपारी दुकानात हनीफभाईंच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते गेले. तुम्हाला सगळ्यांना हे माहीत आहे. मलाही माहीत आहे. तरी परवा मी त्यांना फोन लावला. त्यांच्या मुलीने, नाझनीनने उचलला, तेव्हा भानावर आले.

तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या नाकावर त्यांनी केलेला चष्मा आहे. मस्कतला अकरा वर्षं काचा घासून ते पनवेलला परत आले आणि दुकान टाकलं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मी त्यांच्याकडे चष्म्यासाठी गेलेच नव्हते. मी गेले होते एक भिंग घेऊन.

आमच्या खांदा कॉलनीतल्या गच्चीसाठी मी एक दुर्बीण आणली होती. लहानशी, चार इंच तोंडाची. खोक्यावर लिहिलं होतं, पाचशे पट मोठं दिसेल. दुर्बिणीला जिथे डोळा लावतात तिथे एक छोटी नळी बसवतात, तिला आयपीस म्हणतात. ते बदलता येतं. त्यावर आकडा असतो, आणि आकडा जितका लहान तितकं चित्र मोठं. माझ्याकडे पंचवीस होतं, दहा होतं आणि चार होतं. मी अर्थातच चार लावायची. आणि मला काय दिसायचं? थरथरणारा एक पिवळट डाग. महिनाभर मी त्या डागाशी भांडत होते. शेवटी वाटलं, काचच खराब असणार. गेले त्यांच्याकडे. म्हटलं, साफ करून द्या.

त्यांनी ते चारचं आयपीस उजेडाकडे धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. म्हणाले, "बाई, काच चांगली आहे. मेहनतीने घासलेली आहे."

"मग दिसत का नाही?"

"तुमची दुर्बीण लहान. ती उजेड गोळा करणार मूठभर. तो तुम्ही एवढा ताणलात की फाटला. आणि वर आपल्याकडची हवा. तळोज्याच्या कारखान्यांकडून काय येतं ते तुम्हाला माहीत आहे." मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मला वाटलं होतं ते विचारतील, काय बघायचंय तुम्हाला? चंद्र, गुरू, शनी? ते नाही विचारलं. विचारलं, "बघायला कोण कोण येतं?"

मला तो प्रश्न तेव्हा कळलाच नाही. मी म्हटलं, येतात आपले, मुलं, सोसायटीतले लोक. ते म्हणाले, "त्यांच्यात चष्मेवाले किती?"

त्या रविवारी ते गच्चीवर आले. पंचवीसचं आयपीस स्वतः लावलं. अख्खा चंद्र त्यात मावला, काठाकाठापर्यंत स्वच्छ. मी ते आयपीस एकदाही नीट वापरलं नव्हतं. लहान आकड्यातच शहाणपण आहे असं मी धरून चालले होते. तेव्हापासून आमचा गट सुरू झाला. सहा-सात जण. त्यातले बरेचसे आज पहिल्या दोन रांगांत बसलेत.

आता पुढचं सांगते. हे सांगायलाच मी उभी राहिले आहे, आणि हेच मला बोलवत नाहीये.

वर्षभराने आम्ही ठरवलं, गटासाठी एक चांगलं आयपीस घ्यायचं. एकच. मला सहाचं हवं होतं. ग्रहांसाठी छान, शनीची कडी मोठी दिसली असती. हनीफभाईंना पंधराचं हवं होतं, एक जाडजूड, मोठ्या काचेचं. त्यात चित्र लहान दिसतं. पण त्यात डोळा काचेपासून बोटभर लांब ठेवला तरी सगळं दिसतं, म्हणजे चष्मा घालून बघता येतं. माझ्या सहाच्याला डोळा अगदी टेकवावा लागायचा, पापण्या काचेला लागायच्या.

मी म्हटलं, चष्मेवाल्यांनी चष्मा काढावा, फोकस फिरवून घ्यावा. ते म्हणाले, "साधा नंबर असेल तर बरोबर आहे, बाई. पण सिलिंडरचा नंबर, बुबुळाच्या वाकडेपणाचा, तो फोकसने जात नाही. आणि म्हाताऱ्या माणसाने चष्मा काढला की त्याला जिनासुद्धा दिसत नाही, आयपीस कुठून दिसणार?" ते शांतपणे बोलत होते. मी नव्हते. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "हनीफभाई, तुमचं दुकान कृपा करून गच्चीवर आणू नका."

सहाचं आयपीस आलं.

एप्रिलमध्ये ओव्याच्या शाळेच्या पटांगणात आम्ही शनी दाखवायला गेलो. अंधार पडला तसा तो पूर्वेला वर आला. ही मोठी रांग. मुलं, बायका, म्हातारी माणसं. मी दुर्बिणीपाशी उभी. सहाच्या आयपीसमधून ग्रह अर्ध्या मिनिटात पळून जातो, म्हणून मी सारखी नळी हलवत होते आणि घाई करत होते. चष्मा काढा. डोळा लावा. दिसलं? दिसलं. पुढे चला. दिसलं? दिसलं. पुढे. मी इतकी खूश होते!

एक आजी आल्या, पारूआजी. जाड भिंगांचा चष्मा. मी तो काढून माझ्या हातात घेतला. त्यांनी डोळा लावला. मी विचारलं, दिसलं? त्या म्हणाल्या, दिसला. मी चष्मा परत दिला आणि पुढच्याला बोलावलं. हनीफभाई बाजूला उभे होते. त्यांनी आजींना थांबवलं आणि हळूच विचारलं, "आजी, काय दिसलं?"

आजींनी मागच्या रांगेकडे बघितलं.

"सांगा ना. कसा होता?"

तेव्हा त्या म्हणाल्या, "काय नाय दिसला, बाबा. नुसता काला हाय. पन मागं पोरां उभी हायत, बायनी एवरी मेहनत केली. म्हनून म्हटला, दिसला."

माझ्या कानावर पडलं ते. रांगेतल्या दहा जणांच्याही पडलं. मला काय वाटायला हवं होतं? वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. आजींचा नाही, हनीफभाईंचा. चारचौघांत माझी फजिती केली म्हणून. परत येताना एकाच रिक्षात होतो आम्ही, आणि मी ओव्यापासून खांदा कॉलनीपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसले.

त्या कार्यक्रमाला मी माझ्या वर्गातली मुलंही नेली होती. शाळेच्या अहवालात मी लिहून टाकलं होतं, "सर्व विद्यार्थ्यांनी शनीची कडी पाहिली." दुसऱ्या आठवड्यात काय वाटलं कुणास ठाऊक, मी वर्गात म्हटलं, "खरं सांगा, रागावणार नाही. कडी कुणाकुणाला दिसली?" हात वर झाले. मग मी हात वर न केलेल्यांकडे बघितलं. चष्मा. चष्मा. चष्मा. एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही विचारलंत दिसलं का, मग हो म्हणायचं असतं ना?"

किती वर्षं मी दिसलं का, कळलं का असं विचारत आलेय? आणि किती वर्षं लोक मला हो म्हणत आलेत? त्या दिवसापासून हा किडा डोक्यातून गेलेला नाही.

मी दुकानात गेले. म्हटलं, "ते पंधराचं मागवूया." बस, एवढंच म्हटलं. हनीफभाई म्हणाले, "बसा, चहा सांगतो." चहा आला, आम्ही प्यायलो, त्यांनी कागदावर आयपीसचं नाव लिहून दिलं. मी माफी मागितली नाही. नंतर दोन वर्षं आम्ही आठवड्याला भेटत होतो, तरी नाही मागितली. उद्या बोलू, परवा बोलू.

त्या दिवशी गच्चीवर जे होते ते आज समोर बसलेत. मी तुमच्या देखत बोलले होते, म्हणून तुमच्याच देखत सांगते. हनीफभाई बरोबर होते. मी चुकले होते, आणि जे बोलले ते फार वाईट बोलले. भाभी, तुमचीही माफी मागते.

पंधराचं आल्यावर ते स्वतःच म्हणाले, "ओव्याला जाऊ या." पारूआजींच्या अंगणात दुर्बीण लावली. आजींनी चष्म्यासकट वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ओरडल्या, "अगो बाय! ही तं बुगडी हाय!" सुनेला बोलावलं, शेजारणींना बोलावलं. हनीफभाई ओट्यावर बसून हसत होते. इतकं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण नाही संपत.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या लक्षात आलं, हनीफभाई स्वतः दुर्बिणीला डोळा लावत नाहीत. मागे उभे राहतात. "मी काय नेहमीच बघतो, त्यांना बघू द्या." दुकानात नंबर तपासायला नाझनीन बसायला लागली होती. एक दिवस मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "शुगर नजरेवर गेली, बाई. उजव्या डोळ्यात मधोमध धब्बा आहे. डावा मंद झालाय." जसं काही दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांबद्दल सांगत होते.

मग हिवाळाभर आम्ही एकच उद्योग केला. संध्याकाळी सातला ते गच्चीवर यायचे, नाझनीन हात धरून जिना चढवायची. त्यांना स्टुलावर बसवायचं आणि मी एकेक आयपीस लावायची. हे बरं की हे? आता? आणि आता? ते म्हणायचे, "उलटं झालं बघा, बाई. तीस वर्षं हे मी विचारत होतो." गटातल्यांनी कुठून कुठून आयपीस मागून आणली. शेवटी एक बत्तीसचं सापडलं, खूप उजेड देणारं. अर्धा चंद्र असताना, डावा डोळा जरा तिरका धरला, की त्यांना उजेड आणि अंधाराची सीमा दिसायची. तिथले डोंगर दिसायचे. खरंच दिसायचे, कारण ते बोटाने हवेत काढून दाखवायचे.

शनी मात्र जमला नाही. या उन्हाळ्यात आम्ही पाच संध्याकाळी प्रयत्न केला. मोठं चित्र घेतलं की उजेड कमी पडायचा, उजेड वाढवला की ग्रह टाचणीच्या टोकाएवढा व्हायचा. मी हट्ट सोडत नव्हते. अजून एक बघू, हनीफभाई. हे शेवटचं. थांबा, हवा स्थिर होऊ दे. रांगेत मुलं उभी होती, सोसायटीतले लोक उभे होते, आणि मी त्यांना स्टुलावरून उठू देत नव्हते. सगळ्या जगाला दाखवायला निघाले होते मी, आणि या एका माणसाला ती कडी दाखवता येत नव्हती. अजूनही मला वाटतं, एखादं आयपीस राहिलं असेल. कुणाकडे तरी असेल. मी नीट शोधलं नसेल. काल रात्रीसुद्धा मी यादी काढून बसले होते. कशासाठी, सांगा?

पाचव्या संध्याकाळी मी विचारलं, "हनीफभाई, आता?"

त्यांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला. माझी इतकी इच्छा होती की त्यांनी हो म्हणावं. खोटं का होईना. ते त्यांना कळलं असणार, ते माझ्याकडे बघून हसले.

"नाही दिसत, बाई," ते म्हणाले. "आता पुढच्याला येऊ द्या."

आणि भिंतीचा आधार घेत उठले, स्टूल मोकळं केलं, बाजूला झाले.

माझ्याजवळ आता बोलायला काही नाही. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे आपण इथे फोटो किंवा हार ठेवलेला नाही. आपण फक्त दोन मिनिटं उभे राहूया. ज्यांना दुआ करायची आहे त्यांनी दुआ करावी, ज्यांना हात जोडायचे आहेत त्यांनी जोडावेत. आणि ज्यांना माझ्यासारखं स्थिर उभं राहणं जमणार नाही, त्यांनी नुसतं डोळे मिटून घ्यावेत.

हनीफभाई, सलाम.