खाकी कव्हरातलं ब्रह्मांड

पद्मजा : नको काकू, चहा नको, सरबत नको, बसतसुद्धा नाही. आधी मीराची दहावीची पुस्तकं काढा. सगळी!

बेबीताई : अवो, तुमच्याच घरून आली नं ती? तुझ्या आईनं जूनमध्ये गठ्ठा बांधून पाठवला, अन् आता वापस पाह्यजे? मंग आमच्या पोरीनं काय वाचाचं?

पद्मजा : वापस नकोत हो! पण त्यातलं एक माझं नाहीच आहे. वाचनालयाचं आहे. तुम्ही आईला ओळखता नं? जून लागला की घरात जे पुस्तक दिसेल त्याला खाकी कव्हर. पंचांगसुद्धा सुटत नाही. कोणाला जुनी पुस्तकं द्यायची तर नवीन कव्हर घालूनच द्यायची, हा तिचा नियम. माझ्या जुन्या विज्ञानाला कव्हर घातलं, वर चिठ्ठी चिकटवली, 'विज्ञान'. बाजूला वाचनालयाचं ब्रह्मांडाचं हिंदी पुस्तक पडलं होतं. त्यालाही कव्हर. त्यावरही 'विज्ञान'. आणि गठ्ठा बांधताना...

बेबीताई : उलटंच टाकलं!

पद्मजा : आज परत करायला म्हणून काढलं, उघडलं, तर आत लिटमस कागद! निळ्याचा लाल होऊन राहिला, लालाचा निळा होऊन राहिला, आणि मी पांढरी फटक. सायकल काढली ती थेट तुमच्या कांचघर मोहल्ल्यात.

बेबीताई : एवढं काय घाबराचं त्यात? उद्या देजो.

पद्मजा : उद्या चालणार नाही, काकू! आज पाच वाजता आपल्या मंडळाच्या वाचनालयाची तपासणी आहे. वर्षभरात बाहेर गेलेलं प्रत्येक पुस्तक आज जागेवर पाहिजे. आणि हे पुस्तक मोठ्यांच्या कपाटातलं. त्या कपाटाला आधी आम्हा मुलांना हात लावू देत नव्हते. भय्यासाहेब आहेत नं, ग्रंथपाल, त्यांनी समितीशी भांडून ते आमच्यासाठी उघडलं. समिती म्हणाली, ठीक आहे, पण एक पुस्तक जरी हरवलं तर पुन्हा कुलूप. तेव्हा मी सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाले, 'नाही हरवणार.' समितीसमोर! मी! जिला पाहुण्यांसमोर नाव सांगायची लाज वाटायची!

बेबीताई : मीरा! ओ मीरा! कुठं तोंड लपवून बसली? दप्तर आण इकडं.

मीरा : काहून?

बेबीताई : तुझी पद्मादीदी आली. विज्ञानाचं पुस्तक दाखव तिले.

मीरा : विज्ञानाचं नाही दाखवत मी.

पद्मजा : हरवलं? मीरा, खरं सांग. हरवलं का?

मीरा : नाही हो दीदी. आहे दप्तरात. पण तुला राग येईल. पुस्तक चांगलं आहे, फक्त जुन्या कोर्सचं आहे. सर म्हणतात, बारावं पान उघडा, अम्ल और क्षार. माझ्या बाराव्या पानावर आकाशगंगा एकमेकींपासून दूर पळून राहिल्या.

पद्मजा : तेच! अगं तेच ते! कुठे आहे? दे, दे, दे!

मीरा : घे. पण कोर्स बदलला नं?

पद्मजा : कोर्स नाही बदलला, पुस्तक बदललं! तू शाळेत ब्रह्मांड घेऊन जात होतीस, वेडे! इतके दिवस कोणाला बोलली काहून नाहीस?

मीरा : आईच म्हणते, कोणी प्रेमानं दिलं तर त्यात खोट काढू नये.

बेबीताई : घ्या! आलं माझ्याच गळ्यात.

पद्मजा : पण बाजूच्या मुलीचं पुस्तक दिसत नव्हतं का तुला?

मीरा : दिसत होतं नं. म्हणून तर वाटलं, माझं जुनं आहे, हेच समजून घ्यावं लागेल. एकदा सरांना विचारलं, 'सर, क्वार्क कौन से पाठ में आएगा?' सर बोलले, 'बैठ जाओ, ज़्यादा होशियार मत बनो.' मग विचारणं सोडलं. तिमाही परीक्षेत प्रश्न आला, पदार्थ कशाचा बनतो? मी क्वार्क लिहून आली, एकेकाच्या नावासकट. लाल रेघ. सगळ्या पेपरवर लाल रेघा.

बेबीताई : अन् म्या म्हटलं, पोरीचं डोकं गेलं! नवव्वीपर्यंत बरी चालली होती, दहावीत एकदम काय झालं बाप्पा? शिवणक्लासची चौकशीही करून आली मी.

मीरा : मलाही तसंच वाटलं, दीदी. सगळ्या वर्गाला समजते, मलाच नाही समजत. म्हणजे मीच ढ.

पद्मजा : ढ? ऐक माझं. मला हे पुस्तक वाचायला अख्खी सुट्टी लागली, तेही आंबे खात, पंख्याखाली. अर्धं डोक्यावरून गेलं. आणि तू शाळा करून वाचलंस? कुठपर्यंत?

मीरा : शेवटचा धडा राहिला. न्यूट्रिनो झालं. पुस्तकात पहाड लिहिलं आहे, पण मी आपल्या भेडाघाटचे कडे समजून वाचलं. एवढा मोठा संगमरवर, आणि न्यूट्रिनो आरपार निघून जाते. दगडाला पत्ताच नाही!

बेबीताई : माझं बोलणं तुझ्या कानातून जाते तसं.

पद्मजा : काकू! एकदम बरोबर! हे पुस्तकात असतं तर मला पहिल्या दिवशीच समजलं असतं. मीरा, हे घे तुझं खरं विज्ञान. उघड, बघ.

मीरा : अम्ल... क्षार... लिटमस... दीदी?

पद्मजा : काय गं?

मीरा : हे तर एकदम सोपं आहे.

बेबीताई : रडून काहून राहिली मंग?

मीरा : रडत नाही. हसून राहिली मी.

पद्मजा : हसणं-रडणं सायकलवर! चलो, बस मागे. पाच वाजायला आले. काकू, हिला नेते. पुस्तक छातीशी धरायला कोणी तरी पाहिजे.

(वाचनालयात. समिती अजून यायची आहे.)

भय्यासाहेब : अगं, जिना पडेल! हळू. मी काही पळून चाललो नाही. आण पाहू. हे कव्हर कुणी घातलं?

पद्मजा : आईने.

भय्यासाहेब : छान घातलंय. आणि पहिलं पान कुठे गेलं?

पद्मजा : सुटत होतं, म्हणून तिने खळीने पुठ्ठ्यालाच चिकटवून टाकलं. वाचनालयाचा शिक्का आहे हो आत! उजेडात धरा, दिसतो.

भय्यासाहेब : दिसला. आणि या पेन्सिलीच्या रेघा? पानोपानी! इथे लिहिलंय, 'महत्त्वपूर्ण'. इथे, 'परीक्षा में आ सकता है'. विश्वाचा जन्म? परीक्षेत?

पद्मजा : ते... म्हणजे पुस्तक माझ्या नावावर, तर जबाबदारी माझीच...

मीरा : मी केल्या जी.

भय्यासाहेब : आपण कोण?

मीरा : मीरा. कांचघरच्या बेबीताईंची. मला ते शाळेचं पुस्तक वाटलं.

भय्यासाहेब : शाळेचं? हे? आणि वाचलंस?

मीरा : पाठ केलं जी. एक धडा राहिला.

भय्यासाहेब : हे पुस्तक मीच हट्टाने मागवलं होतं. याआधी ज्याने नेलं त्याने आठवड्यात परत आणलं, वर विचारलं, 'काही हलकंफुलकं आहे का?' पाठ केलं म्हणणारं माणूस आजच पाहतोय.

पद्मजा : मग कपाट, भय्यासाहेब? कुलूप?

भय्यासाहेब : पुस्तक आलं नं? मग कपाटाला काय धाड भरलीय? उघडंच राहील.

पद्मजा : हुश्श! जिवात जीव आला! आता मला समोसा लागणार.

भय्यासाहेब : समोसा नंतर. समितीला या रेघा दिसल्या तर मात्र माझी खैर नाही. मीरा, हे खोडरबर घे आणि त्या टेबलाशी बस. हलक्या हाताने, कागद जुना आहे. पद्मजा, तू दाराशी उभी राहा, कोण येतंय ते बघ. आणि तोंड बंद!

पद्मजा : तोंड बंद ठेवून सांगू कसं पण?

भय्यासाहेब : ते लोक दिसले तर उघड.

पद्मजा : रस्ता रिकामा आहे... एक गाय आहे... आली! भय्यासाहेब, समिती आली! भाऊराव सगळ्यांत पुढे, जिना चढून राहिले! मीरा, खोडलंस नं सगळं?

मीरा : केव्हाच.

पद्मजा : मग दे नं पुस्तक. काय करून राहिली तू?

मीरा : शेवटचा धडा. एवढं पान होऊ दे, दीदी.

भय्यासाहेब : या, भाऊराव, या. कादंबऱ्यांपासून सुरू करू. विज्ञान शेवटी.